पेटी एकतीसचं वजन

१

पेटी क्रमांक एकतीसमध्ये सोमवारी सकाळी नऊ फोल्डर होते. त्यांत टंकलिखित कागद एकशे नव्व्याण्णव, हाताने लिहिलेले तेरा आणि घडी घातलेले नकाशे दोन. एकूण दोनशे चौदा. सहा फोटो होते, पण ते वेगळ्या लिफाफ्यात आणि वेगळ्या मोजणीत.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याच पेटीत टंकलिखित कागद एकशे नव्व्याण्णव होते, हाताने लिहिलेले तेरा होते आणि नकाशा एकच होता.

"पुन्हा मोजा," टेसा ब्रॅनिगन म्हणाली.

"तीनदा मोजलेत, पोरी," ल्युशस टारवॉटर म्हणाला. "चौथ्यांदा मोजले तर त्यांना पिल्लं होतील असं वाटतंय का तुला?"

तरी त्याने मोजले. दोनशे तेरा.

वॉशिंग्टनच्या वेशीवरच्या या केंद्रात गुप्तचर खात्याचे जुने कागद वाचून ठरवलं जाई, की लोकांना काय दाखवायचं आणि काय अजून कुलपात ठेवायचं. टेसा तिथल्या दक्षता विभागात होती. वय सव्वीस, पदवी भौतिकशास्त्राची, नोकरीचा अकरावा महिना. वरचे सगळे गुप्त माहितीच्या एका मोठ्या गळतीमागे धावत होते, म्हणून ही किरकोळ वाटणारी भानगड तिच्या गळ्यात पडली होती.

ती किरकोळ नव्हती. पेटी एकतीस शुक्रवारी दुपारी बारा वाजता जनतेसाठी खुली व्हायची होती. नियम असा, की पेटीतला एक जरी कागद कमी भरला तर पूर्ण पेटी मागे घ्यायची आणि तपासणी पहिल्यापासून करायची. अशी मागे गेलेली शेवटची पेटी सात वर्षांनी परत आली होती.

"नाहीसा झालेला कागद कोणता?" टेसाने विचारलं.

ल्युशसने यादीवर बोट ठेवलं. "फोल्डर सात. टॅमरॅक लेक ठाण्याचा आराखडा, दोनपैकी पत्रक दोन." त्याने घसा साफ केला. "आणि ती बाई बाहेर येऊन बसलीय. नऊ वाजल्यापासून."

२

ती बाई म्हणजे व्हर्ना पेल्टिए. सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर ती मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसली होती. मेन राज्याच्या उत्तर टोकाहून बसने आली होती. डब्यात प्लॉय होते, कुट्टूच्या पिठाची धिरडी, आणि आत खायला बंदी असल्यामुळे ते तीन दिवस डब्यातच होते.

"उद्या बारा वाजता ना?" तिने विचारलं.

"तुम्हाला वेळ कुणी सांगितली?" ती अजून जाहीर झालेली नव्हती.

व्हर्नाने डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. "अशा गोष्टी कानावर येतात."

"तुम्हाला या पेटीत नेमकं काय हवंय, मिसेस पेल्टिए?"

"एक खड्डा." व्हर्ना सावकाश बोलत होती, हे तिने पुष्कळ कचेऱ्यांत सांगितलेलं दिसत होतं. "आमच्या तळ्याच्या वर टेकडीवर सरकारची माणसं राहायची. बासष्ट सालापर्यंत. ऐकायची म्हणे कुणाचं तरी. जाताना त्यांनी पिंपं पुरली, हे माझ्या सासऱ्याने डोळ्यांनी पाहिलं, पण ट्रकमध्ये बसून, लांबून. आमच्याकडे अडतीस विहिरी आहेत. गेल्या दहा वर्षांत मूत्रपिंडाचे सहा कॅन्सर. सहावे माझे यजमान. राज्याच्या प्रयोगशाळेला म्हटलं, पाणी तपासा. ते म्हणतात, काय शोधू? आणि कुठे? सरकारी कागद दाखवा, खड्ड्यापासून तीनशे मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी तपासतो."

"आणि कागद नसेल तर?"

"तर गावात सगळे तेच पाणी पितायत," व्हर्ना म्हणाली. "आजही पितायत."

टेसा आत परत आली तेव्हा तिचा चालण्याचा वेग वाढलेला होता.

तपासणीच्या खोलीत या आठवड्यात तीनच माणसं गेली होती. दारावरचा पहारेकरी आत जाताना फोन आणि पेन काढून घेई, आणि बाहेर येताना खिसे, बाह्या, मोजे, छत्रीसुद्धा उघडून पाही. त्याच्या नजरेखालून टपालाचं तिकीटही गेलं नसतं.

पहिला ल्युशस. रात्रीची किल्ली त्याच्याकडे.

दुसरी मारिसोल किन्योनेस, इतिहासाची पदवीधर, एक ते पाच फोल्डरांची तपासनीस. टेसाने सरळ विचारलं, "व्हर्नाला बारा वाजताची वेळ तू सांगितलीस?"

मारिसोलचा चेहरा उतरला. "बुधवारी उपाहारगृहात. ती बाई तीन दिवस नुसता चहा पितेय, टेसा. मी फक्त म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा."

"हा नियमभंग आहे."

"आहे. लिहून घे. पण नकाशा मी नाही घेतला. मला तो बाहेर जायला हवा होता, आणि तो बाहेरच चालला होता. दोन दिवस आधी चोरून मी काय मिळवणार?"

"फोल्डर सात तुझं नव्हतं. तरी नकाशा पाहिलास?"

"सोमवारी, जाता जाता. काय होतं म्हणशील तर चार झोपड्या, ध्वजस्तंभ, खड्डा, आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. दोऱ्यासुद्धा पट्टीने आखल्यात. मला हसू आलं."

तिसरा कॉनरॅड वेसेली. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं खात्यात रेडिओ-तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर तपासनीस म्हणून परत बोलावलेला. सहा ते नऊ फोल्डर त्याचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन टोकदार पेन्सिली.

"सोमवारीच संपवलं मी माझं काम, मिस ब्रॅनिगन," तो म्हणाला. "नकाशा जागेवर होता."

"नकाशात काय काय होतं?"

"झोपड्या, ध्वजस्तंभ, खड्डा. बस."

"तो जावा असं तुम्हाला वाटत होतं?"

"माझ्या वाटण्याचा रकाना अर्जात नसतो." तो किंचित हसला. "तुम्ही ल्युशसला विचारा. त्याच्या वजनकाट्यावर सगळं लिहिलेलं असतं."

टेसाने विचारलं. काट्याप्रमाणे नकाशा बुधवारी संध्याकाळपर्यंत पेटीत होता. आणि बुधवारी संध्याकाळनंतर त्या खोलीत जाऊ शकणारा माणूस एकच होता.

३

ल्युशस या केंद्रात येण्यापूर्वी तेवीस वर्षं टपाल खात्यात होता. रोज संध्याकाळी बारा पेट्यांतले अडीच हजार कागद बोटांनी मोजायचे तर रात्र व्हायची. म्हणून त्याने पार्सलाचा काटा मागवून घेतला होता. आठवड्याच्या सुरुवातीला कागद मोजायचे, पेटी तोलायची, आकडा लिहायचा. मग रोज नुसतं तोलायचं. सोमवारच्या आकड्यापेक्षा पाच ग्रॅमहून अधिक घट दिसली तरच हाताने मोजणी. जनतेसाठी खुल्या होणाऱ्या पेटीची शेवटची मोजणी मात्र हातानेच. हा नियम याच उन्हाळ्यात आला होता.

त्याची वही टेबलावर उघडी होती. पेटी एकतीस: सोमवार, एक हजार दोनशे नव्वद ग्रॅम. बुधवार, एक हजार दोनशे नव्वद ग्रॅम.

"एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही," ल्युशस म्हणाला. "म्हणजे बुधवारी सहा वाजता कागद पुरे होते. सहानंतर किल्ली माझ्या खिशात. मलाही बेरीज येते, पोरी. तू लिही तुझं."

"तुम्ही घेतलात?"

"नाही."

"मग थोडं थांबा. मंगळवारचा आकडा काय आहे?"

"मंगळवार... एक हजार दोनशे शहाण्णव."

टेसाने मान वर केली. "सहा ग्रॅम वाढले?"

"सगळ्याच वाढल्या. आर्द्रता काढणारं यंत्र सोमवारी बंद पडलंय, माणूस उद्या येणार. बाहेर तीन दिवस वादळाचं शेपूट वळवळतंय. कागद पाणी पितो. टपालातही पावसाळी हवेत पार्सलं जड व्हायची, लोक भांडायचे."

टेसा उठून भिंतीकडे गेली. तिथे तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं यंत्र होतं. त्याची सुई फिरत्या कागदावर रेघ काढत असे. सोमवारी आर्द्रता चाळीस टक्के. मंगळवारी पंचेचाळीस. बुधवारी पन्नास. रेघ चढतच गेली होती, कुठेही खाली आली नव्हती.

तिने चौकटीचा कागद मागितला. बाराही पेट्यांचं सोमवारचं वजन आडवं आणि बुधवारपर्यंतची वाढ उभी, असे ठिपके द्यायला लागली. पेन्सिल भराभर चालत होती. पाचव्या ठिपक्यालाच तिला कळलं की ही सरळ रेषा आहे: दर हजार ग्रॅमला नऊ ग्रॅम वाढ. खोका, फोल्डर, कागद, सगळ्यांनी सारखंच पाणी प्यायलं होतं.

"मिस्टर टारवॉटर, पेटी एकतीस बुधवारी किती भरायला हवी होती?"

"बाराशे नव्वद. तेवढीच भरली की."

"तेवढीच भरली, हीच तर गडबड आहे." तिने आकडा गोल करून त्याच्यासमोर सरकवला. "तेराशे दोन भरायला हवी होती. बाकीच्या पेट्या पाणी पिऊन जड झाल्या, आणि हिला एकटीला तहान लागली नाही? हिनेही पाणी प्यायलं. पण तिच्यातून तेवढंच काहीतरी कमी झालं. बारा ग्रॅम."

ल्युशस फोल्डर सातमधून उरलेला नकाशा, पत्रक एक, अलगद काट्यावर ठेवत होता. त्याच जाड आरेखन-कागदाचा, त्याच मापाचा.

काट्याने बारा ग्रॅम दाखवले.

"मंगळवारचा आकडा रेषेवर बरोबर बसतो," टेसा म्हणाली. "म्हणजे मंगळवारी संध्याकाळी नकाशा होता आणि बुधवारी सहाच्या तोलण्याआधी तो गेलेला होता. दिवसाढवळ्या. तेव्हा किल्लीची गरज कुणालाच नव्हती."

ल्युशस खुर्चीत बसला. "पण दारातून तर काहीच गेलेलं नाही."

"नाही," टेसा म्हणाली, आणि हातातल्या कागदावरचे ठिपके मोजले. तिने अकराच ठिपके दिले होते.

४

बारावी पेटी होती चौतीस. सोमवारी एक हजार चारशे दहा ग्रॅम. रेषेप्रमाणे बुधवारी एक हजार चारशे तेवीस भरायला हवी होती.

वहीत एक हजार चारशे पस्तीस होते.

"बारा जास्त," टेसा म्हणाली. "मिस्टर टारवॉटर, पेटीत पंचवीस ग्रॅम वाढ झाली, आणि तुम्हाला खटकलं नाही?"

"वाढ?" ल्युशसने दोन्ही हात पसरले. "मी इथे घट पाहायला बसलोय. चोर कागद नेतात, बाई. आजवर एकही चोर कागद आणून ठेवताना मी पाहिला नाही."

पेटी चौतीसच्या खोक्यावर लाल पट्टी होती: पंचवीस वर्षं बंद. ती ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात असे. या आठवड्यात कुणीच ती सही करून घेतलेली नव्हती. टेसाने मारिसोल आणि वेसेली दोघांनाही बोलावलं, आणि त्यांच्यासमोर ल्युशसने झाकण काढलं.

नकाशा तिसऱ्या फोल्डरमध्ये मिळाला. कोंबलेला नव्हता. मूळच्या घड्यांवर नीट मिटलेला होता, शीर्षक वरच्या बाजूला, आणि बासष्ट सालच्या सप्टेंबरातल्या दोन कागदांच्या मध्ये, तारखेप्रमाणे अगदी आपल्या जागी लावलेला होता. पंचवीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला तो पहिल्या तासात दिसला असता.

"मिळाला," मारिसोल म्हणाली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. तिने नकाशा उलगडला. "हाच. या बघ दोऱ्या."

टेसा वाकली. चार झोपड्या. ध्वजस्तंभ. त्याच्या वायव्येला एक आयत, आत लिहिलेलं: पिंपं, चव्वेचाळीस. खाली अंतराची पट्टी. आणि झोपड्यांच्या मागे खांबांच्या दोन रांगा, त्यांवर ताणलेल्या सहा रेषा, सगळ्या अगदी सारख्या लांबीच्या.

तिने खिशातली पट्टी काढली आणि एक रेषा मोजली. मग अंतराच्या पट्टीवरून खरी लांबी काढली, ती मनातच दुप्पट केली आणि प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं.

तिने पट्टी खिशात टाकली.

"मारिसोल, तू आणि मिस्टर टारवॉटर पाच मिनिटं बाहेर थांबाल?"

दार बंद झालं. वेसेली उभाच होता, हात मागे बांधून.

"मिस्टर वेसेली," ती म्हणाली, "या दोऱ्यांवर कुणी कपडे वाळत घातले नाहीत."

५

"नाही," वेसेली म्हणाला.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. ज्याला पिंपांची भानगड दडपायची होती त्याने याच पेटीतला शहाण्णव नंबरचा कागदही नेला असता. त्यात पिंपांतल्या द्रावकाचं नाव आहे, पिंपांची संख्या आहे. तो जागेवर आहे. म्हणजे चोराला पिंपांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला नकाशातली दुसरी गोष्ट लपवायची होती. मारिसोलला त्या दोऱ्या वाटल्या. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं अँटेना उभारल्या, त्याला मी नकाशात काय होतं विचारलं, तर तो झोपड्या सांगतो, ध्वजस्तंभ सांगतो, आणि सहा अँटेना सांगायच्या विसरतो."

वेसेलीने चष्मा काढून पुसला. "तेवढ्यावरून?"

"शिवाय तुम्ही बुधवारपर्यंत थांबलात. हवा बारा ग्रॅमइतकी ओली होईपर्यंत. असा हिशेब या खोलीत दोघांनाच जमतो, आणि मी सोमवारी इथे नव्हते."

"वाढीकडे ल्युशस बघत नाही, हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "खुल्या पेटीची हाताने मोजणी होते, हे मात्र डोक्यातून गेलं. म्हातारपण. माझी कल्पना अशी होती की पेटी दोनशे तेरा कागदांनी जाईल. शहाण्णव नंबर त्या बाईला मिळेल. द्रावकाचं नाव कळलं की तिचं काम झालं."

"झालं नसतं. राज्याला खड्डा कुठे आहे तेही हवंय. आणि नकाशा पेटीत परत गेला नाही तर मोजणी चुकते, पूर्ण पेटीच मागे जाते. सात वर्षं."

हे त्याला माहीत नव्हतं. तो बसला.

"फाडता आला असता तुम्हाला," टेसा म्हणाली.

"कागद फाडायचा?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने थुंकायला सांगितलं होतं. "लोकांचा आहे तो. मला फक्त तो उशिरा मिळायला हवा होता. पंचवीस वर्षांनी सगळे मेलेले असतील."

"सगळे म्हणजे?"

वेसेली टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "रेषेची लांबी मोजलीत तुम्ही. मग त्या अँटेना रेडिओच्या कुठल्या कंपनसंख्येवर ऐकत होत्या, तो आकडा निघाला. बरोबर?"

"दोन मिनिटांत."

"आम्ही ज्यांचं ऐकत होतो, त्यांनाही दोनच मिनिटं लागतील. त्या आकड्यावर ते फक्त चौदा महिने बोलत होते. आम्हाला तो आकडा आपोआप सापडला, असं ते साठ वर्षं समजतायत. पण हे ठाणं बांधायला घेतल्याची तारीख नकाशावर आहे, आणि ती त्यांनी बोलायला सुरुवात करण्याच्या आधीची आहे. म्हणजे कुणीतरी आम्हाला आधीच सांगितलं होतं. तो आकडा आधी माहीत असलेली त्यांची माणसं होती चार. तीन मेली."

"चौथा?"

"दर डिसेंबरला एक कार्ड येतं. गेल्या डिसेंबरलाही आलं. तो अजून त्याच शहरात राहतो, मिस ब्रॅनिगन, त्याच जिन्यावरून चढतो. नाव कुठल्याही कागदावर नाही. हा कागद न दाखवण्याची सूट मी दोनदा मागितली. अर्ज परत आला: साठ वर्षं जुनी गोष्ट, धोका दिसत नाही. धोका दिसायला नाव लिहायला हवं, आणि नाव लिहिलं की तोच धोका."

टेसा नकाशाकडे पाहत होती. बाहेर बाकावर व्हर्ना होती, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जिना चढणारा एक म्हातारा, आणि दोघांच्या मध्ये हा बारा ग्रॅमचा कागद.

"नियम सव्वीस," ती एकदम म्हणाली. "तपासनीस आपलं कारण दक्षता विभागाच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगू शकतो. लिहावं लागत नाही. तुम्ही आता सांगितलंत, मी ऐकलं. दोन तपासनीसांच्या सह्या मिळाल्या तर भाग झाकता येतो. पूर्ण कागद नाही, भाग."

"तो विचार मी केला नसेन का?" वेसेली चिडला. "आकडे झाकले तरी अंतराची पट्टी राहते, तिने रेषा मोजतील. पट्टी झाकली तर खड्डा सापडत नाही. आणि पट्टी झाकून खड्ड्याचं अंतर शब्दांत दिलं, तरी त्या एका अंतरावरून बाकी सगळं मोजता येतं. एक खरा आकडा दिला की सगळा कागद उघडा पडतो."

"मग रेषाच झाकू, खांबांसकट. तारीखही."

"काळा चौकोन रेषांइतकाच असेल. ते चौकोन मोजतील."

खोलीत यंत्राची सुई कुरकुरत होती. घड्याळात साडेबारा झाले होते. अजून एक दिवस शिल्लक होता आणि टेसाला एकाएकी तो पुष्कळ वाटू लागला.

तिने दार उघडलं. "मिस्टर टारवॉटर, मघाशी नकाशा उलगडला तेव्हा तुम्ही तो पाहिलात?"

"मी पेटीचं झाकण लावत होतो. मी कागद तोलतो, वाचत नाही."

"मग मागे वळून उभे राहा, आणि मला एक आयत द्या. कुठलाही. तळहाताहून मोठा, वहीहून लहान. तुमच्या मनाला येईल तो."

ल्युशस पाठमोरा उभा राहिला, कपाट चाचपलं, आणि खांद्यावरून एक जुनं पोस्टकार्ड मागे दिलं. "हे चालेल का? टपालातलं आहे. त्यावर समुद्रकिनारा आहे, तुम्हा लोकांना जरा हवा लागेल."

वेसेलीने ते नकाशावर ठेवलं. सहाही रेषा, खांबांच्या दोन्ही रांगा आणि एका झोपडीचा अर्धा भाग त्याखाली गेला. ध्वजस्तंभ बाहेर राहिला. खड्डा बाहेर राहिला. पट्टी बाहेर राहिली.

"आकार ज्याने ठरवला त्याला आत काय आहे ठाऊक नाही," टेसा म्हणाली. "म्हणून आकारावरून काही कळणार नाही."

वेसेलीने कार्ड थोडं डावीकडे सरकवलं, पुन्हा उजवीकडे. एखादी तार ताणून पाहावी तसं.

"तिरकं ठेवा," तो म्हणाला. "किंचित. नाहीतर रेषांची दिशा कळते."

६

दुसरी सही मारिसोलची होती. "कारण विचारायचं नाही का?" तिने विचारलं.

"नाही."

"मी आयुष्यभर लोकांना कारण विचारायला शिकलेय, टेसा."

"तुझ्या जागी कारण मी ऐकलंय. मला ते पटलं. एवढंच तुला मिळेल. आणि खड्डा उघडा राहतोय, तो तू स्वतः बघ."

मारिसोलने खड्डा पाहिला, पट्टी पाहिली, अंतर मोजून पाहिलं. मग सही केली. "वेसेली साहेब, पुढच्या वेळी माझ्याशी आधी बोला. मी दोऱ्या म्हणून हसले नसते."

"पुढची वेळ नाही," वेसेली म्हणाला.

टेसाचा अहवाल शुक्रवारी सकाळी दहा वाजता पूर्ण झाला. त्यात कुणी काय केलं ते होतं, मारिसोलने वेळ सांगितल्याचंही होतं. का केलं ते कुठेच नव्हतं. वेसेलीने तो वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, सही केली आणि खोलीचं ओळखपत्र ल्युशसच्या हातात दिलं.

"चोर कागद आणून ठेवत नाहीत म्हणतोस?" तो ल्युशसला म्हणाला.

"एकाने ठेवला," ल्युशस म्हणाला. "बस जरा, कॉफी पिऊन जा. बाहेर पाऊस आहे."

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी टेसा आणि ल्युशसने मिळून पेटी एकतीस हाताने मोजली. दोनशे चौदा. बारा वाजता ती ढकलगाडीवरून सार्वजनिक वाचनालयात गेली. व्हर्नाने आधी शहाण्णव नंबरचा कागद काढला, चष्मा लावून द्रावकाचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. मग नकाशा उलगडला. काळ्या तिरक्या आयतावर तिचं बोट क्षणभर थांबलं.

"इथे काय होतं?"

"ते मी सांगू शकत नाही," टेसा म्हणाली.

"पिंपं?"

"नाही. पिंपं सगळी या खड्ड्यात आहेत. ते सांगू शकते."

व्हर्नाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, एखाद्या पोराने खरं सांगितलं की नाही ते पाहावं तसं. मग मोजपट्टी मागून ती खड्ड्यापासून तळ्याच्या रस्त्याचं अंतर मोजायला लागली, आणि मोजताना तिने डब्याचं झाकण चुकून उघडलं. पहारेकऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं.

सात आठवड्यांनी तिचा फोन आला. ध्वजस्तंभाचा काँक्रीटचा पाया अजून जागेवर होता. राज्याच्या माणसांनी तिथून नकाशाप्रमाणे अंतर मोजून तीनशे मीटरचा घेर आखला. त्यात नऊ विहिरी आल्या. प्रयोगशाळेचं पत्र तिच्या हातात होतं, आणि ती ते वाचून दाखवत होती. आठ विहिरींचे आकडे तिने एका दमात वाचले. सगळे दोनच्या खाली होते.

"नववी रस्त्याकडेची," ती म्हणाली. "तिच्यावर आम्ही सहा घरं आहोत."

टेसाने पेन्सिल उचलली. द्रावकाचं नाव तेच होतं, शहाण्णव नंबरच्या कागदावरचं.

ट्रायक्लोरोइथिलीन: लिटरमागे एक्केचाळीस मायक्रोग्रॅम. मर्यादा: पाच.